उणे तेहतीस वर्षांची वधू

“वधूचं वय उणे तेहतीस आहे,” मी म्हणाले.

वधू माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून पेढ्यांच्या पुडक्याची दोरी सोडत होती. तिने मान वर केली.

“उणे म्हंजे?”

“म्हणजे तुम्ही अजून जन्मलेल्या नाही, मथुराबाई. दोन हजार पंचेचाळीस साली जन्मणार आहात. जानेवारीत.”

“आणि हे?” तिने शेजारच्या गृहस्थांकडे बोट केलं.

“ते तुमच्याआधी. एकेचाळीसच्या जूनमध्ये.”

“म्हंजे माझ्यापेक्षा मोठे हायेत ना? मग झालं की,” असं म्हणून मथुराबाईंनी पुडकं उघडलं आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. पुढे काय करायचं ते न सुचून मी तो खाऊन टाकला.

ही गोष्ट वांगरूळच्या विवाह नोंदणी कार्यालयातली, दोन हजार अकराच्या चौदा सप्टेंबरची. मी तिथे कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. माझं वय चोवीस, अधिक चोवीस, आणि त्याबद्दल कॉम्प्युटरला काही शंका नव्हती. मला या जगात आणणारी बाई मात्र त्याच्या लेखी यायचीच होती. मथुरा कासोदेकर सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केली, त्यात माझ्या आईचंही. मी पायाळू होते आणि मला बाहेर यायचंच नव्हतं, हे त्या चारचौघांत सांगत आणि वर “अजून तशीच हाय” असं जोडत.

वर होते भालचंद्र इनामके, एसटीच्या वर्कशॉपमधले निवृत्त हेड मेकॅनिक. वय वर्षं सत्तर, लग्न पहिलंच. हा माणूस तासाला साधारण एक वाक्य बोले. दोघांची घरं समोरासमोर होती. तिचा मिक्सर बिघडायचा, ते नीट करायचे. पुढेपुढे मिक्सर जरा जास्तच बिघडायला लागला. शेवटी जूनमध्ये दोघांनी आमच्याकडे येऊन लग्नाची रीतसर नोटीस दिली. तीस दिवस ती फळ्यावर लागली, कुणी हरकत घेतली नाही. मग हे दोघंच भांडत बसले. लग्नानंतर कुणाच्या घरी राहायचं, यावर दोन महिने बोलणं बंद. अखेर दिवसा तिच्या घरी आणि रात्री त्यांच्या घरी असं ठरलं, तोवर नोटिशीची तीन महिन्यांची मुदत संपत आली होती. शेवटचा दिवस म्हणजे हा, चौदा सप्टेंबर. कार्यालय पावणेसहाला बंद होणार होतं आणि आत्ता दुपारचा दीड वाजला होता.

“नवी नोटीस देऊन पुढच्या महिन्यात नाही का चालणार?” मी विचारलं.

“नाय चालत बाई,” मथुराबाई म्हणाल्या. “उद्या अकराला पुण्यात ॲडमिट व्हायचंय. ह्यांच्या काळजाची झडप बदलायची हाय. मागल्या खेपेला तपासणीला गेलो, तवा फॉर्मवर विचारलं, पेशंटशी नातं काय? मी लिव्हलं, शेजारीण. सात वाजता वॉचमननं मला भाईर काढलं, वैजे. एकतीस वर्षं दवाखान्यात उभी राहिले मी, आणि मला भाईर काढलं. रात्रभर हे आत एकटे आणि मी स्टँडवर. ह्या खेपेला मी तिथंच बसणार हाय. आणि सही मी करणार हाय.”

इनामके खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मांडीवर छोटी बॅग होती. त्यांनी ती उगाचच उघडून परत बंद केली. हे काम कशामुळे अडलं होतं, ते फक्त मलाच माहीत होतं. ते पुढे येईलच.

आमचे साहेब, म्हणजे विवाह अधिकारी अंबादास कुलथे, आत जेवणाचा डबा आवरत होते. कुलथे साहेबांची बावीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात गेली होती. शेतजमिनींचे फेरफार नोंदवायचे आणि लोकांना नकला द्यायच्या, हे त्यांचं काम. तिथून ते आमच्याकडे कसे आले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मते बदलीच्या आदेशात कुणीतरी खाडाखोड केली होती. तेव्हापासून खाडाखोडीचा त्यांना इतका तिटकारा, की शब्दकोडंसुद्धा ते आधी कच्चं सोडवून मग पेपरात उतरवून काढत.

मी त्यांना बोलावून स्क्रीन दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“वर एकवीस वर्षांचा पाहिजे आणि वधू अठराची,” ते म्हणाले. “इथे दोघंही अल्पवयीन आहेत.”

“साहेब, ते सत्तर वर्षांचे आहेत.”

“ते मला दिसतंय. पण कागदावर काय आहे ते बघावं लागेल.”

“मग हातानं लिहून टाका की दाखला,” मथुराबाई म्हणाल्या.

“जुलैपासून हस्तलिखित दाखला बंद आहे. परिपत्रक आहे, दाखवतो.” ते खरंच उठले आणि परिपत्रक घेऊन आले. दाखल्याचा नंबर मशीनच देणार, आणि वय बसल्याशिवाय मशीन नंबर देणार नाही, असा सगळा मामला होता. फॉर्म बनवणाऱ्या कंत्राटदाराने जन्मसालासाठी दोनच अंकांची जागा ठेवली होती आणि स्वतः गाशा गुंडाळून परागंदा झाला होता.

“मी एक सुचवू का?” मी म्हणाले. “कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे नेलं तर? दोन हजार सहासष्ट साल केलं, तर इनामके काका पंचवीस वर्षांचे होतात आणि मथुराबाई एकवीसच्या.”

“जोडा शोभंल,” मथुराबाई म्हणाल्या.

कुलथे साहेबांनी यावर खरोखर विचार केला. मग मान हलवली. “दाखल्यावर तारीखही सहासष्टची पडेल. म्हणजे लग्न पंचावन्न वर्षांनी लागेल.”

“ॲडमिट उद्या व्हायचंय,” इनामके म्हणाले. दीडच्या तासातलं वाक्य तिथे संपलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “जूनमध्ये नोटीस घेतली तेव्हा याच मशीनने यांची वयं बरोबर दाखवली होती. मधल्या काळात काय झालं?”

काय झालं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. लिनक्समध्ये प्रत्येक कामाची लहानलहान पॅकेजं असतात, आणि त्यांतलं एक तारखा सांभाळायचं. नाव सांगत नाही, त्याच्यामागचा माणूस भला आहे. कुणी नुसतं ‘४१’ लिहिलं तर ते एकोणीसशे एकेचाळीस की दोन हजार एकेचाळीस, हे तेच पॅकेज ठरवायचं. मागच्या महिन्यात त्याची नवी आवृत्ती आली. स्क्रीनवर प्रश्न आला, अपडेट करायचं का. कार्यालयात कॉम्प्युटरवर काहीही घालायला साहेबांची लेखी परवानगी लागे. साहेब रजेवर होते. नवं ते चांगलं, असं मानायचं माझं वय होतं. मी ‘होय’ दाबलं. नंतर महिनाभर आमच्याकडे विशी-तिशीतली जोडपीच येत राहिली, त्यामुळे कुणाचंच काही बिनसलं नाही.

“बघायला लागेल, साहेब,” मी म्हणाले. कंत्राट दर सहा महिन्यांनी साहेबांच्या सहीने वाढे, आणि माझ्या तोंडून खरं काही बाहेर पडेना.

जुनी आवृत्ती परत घालावी, तर सर्व्हरवरून ती काढून टाकलेली. उरली होती फक्त सोर्समध्ये. सोर्स म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर. लिनक्समध्ये तो कुणालाही उघडा असतो, आणि गिट नावाची एक व्यवस्था तो सांभाळते. गिटने सोर्स मागवला की आजचा मजकूर तर येतोच, शिवाय पहिल्या दिवसापासून कुणी, कधी, काय बदललं त्याचा सगळा इतिहास सोबत येतो. मी तो मागवला. आमचं इंटरनेट एकाहत्तर टक्क्यांवर जाऊन बंद पडलं. पुन्हा मागवला, तर त्रेसष्टवर. गिटची खोड अशी, की मधे तुटलं तर परत पहिल्यापासून. तीन वाजले.

मग मी पॉलिटेक्निकच्या चोपडे सरांना फोन केला. सर दर रविवारी आम्हा सातआठ जणांना लिनक्स शिकवत. त्यांना एक नाद होता. रस्त्यात दिसेल त्या मांजराला लोक घरी आणतात, तसे ते दिसेल त्या पॅकेजचा सोर्स लॅपटॉपमध्ये आणून ठेवत.

“आहे ना माझ्याकडे,” सर म्हणाले. “संपूर्ण इतिहासासकट. कालच ताजा केलाय. येतो.”

ते साडेतीनला स्कूटरवरून आले. त्यांचा लॅपटॉप टेबलावर उघडला, आणि तिथे कुलथे साहेबांनी हात आडवा धरला.

“थांबा. हे काय आहे?”

“सोर्स, साहेब. याच्यावरून जुनं पॅकेज परत बांधता येईल.”

“म्हणजे ही नक्कल झाली. मूळ कुठे आहे?”

चोपडे सर खुशीत आले. हा त्यांचा आवडता विषय. “मूळ असं काही नसतंच, साहेब. या पद्धतीत ज्याने ज्याने प्रत घेतली, त्याची त्याची प्रत संपूर्ण असते. सगळ्या प्रती सारख्याच मूळ.”

बावीस वर्षं ज्या माणसाने ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारला, त्याला तुम्ही सांगताय की अस्सल असं काही नसतं. साहेब सावकाश खुर्चीत बसले.

“चोपडे सर, जिला मूळ नाही अशी नक्कल मी माझ्या कार्यालयात घेऊ शकत नाही. उद्या कुणी तुमच्या लॅपटॉपमध्ये एक अक्षर बदललं असेल, तर मला काय कळणार?”

“कळणार ना. प्रत्येक नोंदीला एक नंबर असतो. चाळीस अक्षरांचा. तो त्या नोंदीवरून आणि तिच्याआधीच्या सगळ्या नोंदींवरून निघतो. दहा वर्षांपूर्वीचा एक स्वल्पविराम जरी कुणी हलवला, तरी आजचा नंबर बदलतो.”

साहेबांचे डोळे बारीक झाले. “म्हणजे दुसऱ्या प्रतीवरचा नंबर जुळला, तर दोन्ही प्रती अथपासून इतिपर्यंत एक.”

“अगदी.”

“म्हणजे रुजुवात होते.”

“काय होते?”

“रुजुवात,” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. “नक्कल करणार एक, आणि मुळाशी ताडून बघणारा दुसरा. तो रुजुवात घेणारा. आमच्याकडे अर्धी माणसं न बघताच सही करायची. दुसरी प्रत कुणाकडे आहे?”

पुण्यात सरांची एक जुनी विद्यार्थिनी होती, तिच्याकडे होती. तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. साहेबांनी आखीव कागदावर सरांच्या लॅपटॉपवरचा शेवटचा नंबर उतरवून घेतला, चाळीस अक्षरं, चाळीस चौकटींत. लाल पेन्सिल घेतली.

“वाचा, बाई.”

“सात,” पुण्याहून आवाज आला.

“सात.” लाल खूण.

“ए.”

“ए.”

“बी.”

“बी, की डी? बदकातला का डबक्यातला?”

“बदकातला, सर.”

मथुराबाईंनी तोवर चहा मागवला होता. इनामके, चहावाला आणि दोन साक्षीदार, असे सगळे कान देऊन ऐकत होते. साक्षीदार तीन लागतात, तिसरा अजून यायचा होता. एकोणतिसाव्या अक्षरावर गाडी अडली. पुणे म्हणालं आठ, साहेब म्हणाले तीन. बघितलं तर साहेबांचाच आठ अर्धवट उमटला होता. मला वाटलं, आठ नीट गिरवतील आणि पुढे जातील. साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला, नवा आखला, आणि म्हणाले, “पहिल्यापासून.”

सव्वाचार वाजले होते. मी रडायच्या बेतात होते. मथुराबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “असू दे. नीट बघणारा माणूस बरा असतो. घाई करणाऱ्यांनी लई बाळं बिघडवलेली पायलीत मी.” हे ऐकून मला जास्तच रडू आलं.

साडेचारला चाळिसावं अक्षर जुळलं. साहेबांनी खाली रेघ मारली. “आता तो इतिहास दाखवा.”

सरांनी नोंदींची यादी उघडली. एकाखाली एक नोंद, प्रत्येकीला नंबर, करणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि कारण. नोंदीवर बोट ठेवलं की कोणती ओळ गेली ते लाल, कोणती आली ते हिरवं. साहेब बघत राहिले.

“हे फेरफार रजिस्टर आहे,” ते म्हणाले.

“म्हणा तसं.”

“म्हणा काय, आहेच. फक्त यात कुणी पान फाडू शकत नाही.” त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. “बावीस वर्षं मी हे मागत होतो. मला वाटायचं, असं कुठे नसतंच.”

दोन महिन्यांपूर्वीची ती नोंद सापडली. नॉर्वेतल्या कुण्या गृहस्थाने केलेली. आधीच्या सात ओळी जाऊन तिथे दोन आल्या होत्या. आधीच्या सात ओळींत, जन्मसाल भविष्यातलं निघालं तर ते मागच्या शतकातलं धरावं, अशी सोय होती. नव्या दोन ओळींत ती नव्हती, शून्यापासून अडुसष्टपर्यंतचं प्रत्येक साल त्या दोन हजारातलंच धरत.

“कारण काय दिलंय?” साहेबांनी विचारलं.

“साफसफाई,” चोपडे सर म्हणाले.

“साफसफाईत ही दोन माणसं गेली.” साहेबांनी बाकाकडे हात केला. बाकावरची दोन माणसं बशीतून चहा पीत होती.

“मग ही नोंद उडवून टाकतो,” सर म्हणाले. “एका मिनिटाचं काम आहे.”

“उडवायची नाही.” साहेब उभेच राहिले. “चुकीची असली तरी झालेली नोंद आहे ती. ती तिथेच राहील. तिच्यापुढे नवी नोंद घाला, की अमुक कारणाने ही फिरवली.”

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. नंतर त्यांनी मला सांगितलं, की गिटमधली योग्य पद्धत नेमकी हीच आहे, आणि ती पोरांच्या डोक्यात बसवायला त्यांना दोन सत्रं लागतात.

“करणाऱ्याचं नाव माझं घालतो,” सर म्हणाले. “लॅपटॉप माझाच आहे.”

“नाही. धुमाळ बाईंचं घाला.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते लाल पेन्सिलीला टोक काढत होते. “ज्याच्या हातून बिघडलं, त्याच्या हातून दुरुस्त व्हावं. म्हणजे तो माणूस कामावर राहतो.”

माझे कान तापले. मग लक्षात आलं की आमच्या मशीनवरही कोणतं पॅकेज कधी आणि कुणी घातलं, याची यादी असते. मी चोपडे सरांना फोन करत होते, तेव्हा साहेब पाच मिनिटं माझ्या मशीनपाशी उभे होते. त्यांनी ती वाचली होती.

“साहेब, मी...”

“कीबोर्ड घ्या, बाई. मी सांगतो, तुम्ही लिहा. मराठीत चालतं ना?”

चालत होतं. मी टाईप केलं, ते असं:

“विषय: सन १९६९ पूर्वी जन्मलेल्या व्यक्तींच्या अस्तित्वाबाबत. अर्जदार श्री. भालचंद्र इनामके, जन्म सन १९४१, व श्रीमती मथुरा कासोदेकर, जन्म सन १९४५, हे आज रोजी कार्यालयात समक्ष हजर असून चहा घेत आहेत. सबब ते जन्मलेले असल्याची खात्री पटते. मागील नोंदीमुळे हयात व्यक्ती न जन्मलेल्या ठरतात व त्यांचा विवाह होऊ शकत नाही. करिता सदर नोंद न खोडता तिच्यापुढे ही नोंद घालण्यात येत आहे. नोंद करणार: वैजयंता धुमाळ. रुजुवात घेणार: प्रा. चोपडे. मंजूर: अं. गो. कुलथे.”

“‘चहा घेत आहेत’ काढू का, साहेब?”

“का? घेतायत ना?”

पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही पॅकेज बांधायला घेतलं. दहा मिनिटांनी ते थांबलं. पॅकेजसोबत काही चाचण्या असतात, त्या पास झाल्याशिवाय पॅकेज तयार होत नाही. एक चाचणी नापास होत होती. नॉर्वेच्या गृहस्थाने साफसफाईनंतर ती मुद्दाम लिहिलेली: ‘४१’ म्हणजे दोन हजार एकेचाळीसच आलं पाहिजे.

“म्हणजे इनामके जन्मलेले नसले, तरच हे पास होणार,” साहेब म्हणाले.

“हो.”

“चाचणी चुकीची की माणूस?”

“चाचणी, साहेब.”

“मग तिच्यासाठी वेगळी नोंद. कारण लिहा: अर्जदार अद्याप हजर आहेत.”

लिहिलं. पुन्हा बांधायला घातलं. मशीन जुनं, घरघर करत होतं. पाच पस्तीस झाले. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात येऊन उभा राहिला. तिसरा साक्षीदार आलाच नव्हता, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. सगळ्यांनी चोपडे सरांकडे पाहिलं.

“मी रुजुवातीला आलोय,” सर म्हणाले.

“ही पण तीच,” कुलथे साहेब म्हणाले. “सही करा.”

पाच एकेचाळीसला पॅकेज बसलं. मी फॉर्म उघडला. वराचं वय: सत्तर. वधूचं वय: सहासष्ट. मी दोनदा मोठ्याने वाचलं.

“जन्मलात एकदाचे,” मथुराबाई इनामक्यांना म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

साहेबांनी दोघांकडून वचनं म्हणून घेतली. इनामक्यांचं त्या तासातलं वाक्य त्यात गेलं. नंबर आला, दाखला छापून आला, शिक्का बसला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहाला एक मिनिट होतं. शिपायालाही पेढा मिळाला.

मी टेबल आवरत असताना साहेब शेजारी आले. “ती आपली नोंद आता कुठे जाईल?”

“सर ती नॉर्वेला पाठवणार आहेत. त्यांनी घेतली, तर जो जो प्रत घेईल त्याच्याकडे. कुठेही.”

“म्हणजे हे दोघं चहा पीत होते, हे सगळीकडे राहील.”

“हो, साहेब.”

त्यांनी दोन्ही नोंदींपैकी पहिलीचा चाळीस अक्षरी नंबर आखीव कागदावर उतरवून घेतला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि माझं कंत्राट वाढवायची फाईल दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागवली. अपडेटबद्दल ते मला त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही. मी मात्र तेव्हापासून कुठलंही ‘होय’ दाबण्याआधी हात एकदा मागे घेते. आज माझी नोकरीही तीच आहे, लोकांनी प्रोग्रॅममध्ये केलेले बदल तपासून रुजू करून घ्यायची.

नॉर्वेच्या गृहस्थाचं उत्तर आठवड्याने आलं. दुरुस्ती बरोबर आहे, ती जशीच्या तशी घेतली आहे, खालचा मजकूर मला वाचता येत नाही पण महत्त्वाचा दिसतो म्हणून हात लावला नाही. आणि, माझी आजी अडतीस सालची, तिला ती पुन्हा जन्मल्याचं कळवलं आहे.

पुण्यात मथुराबाईंनी फॉर्मवर ‘पत्नी’ असं लिहिलं आणि अकरा दिवस त्या कुणाच्या सांगण्याने बाहेर गेल्या नाहीत. इनामके त्यानंतर आठ वर्षं जगले. आमचं कार्यालय पुढे नव्या इमारतीत गेलं. त्या वर्षाचं विवाहांचं रजिस्टर जुन्या इमारतीतून निघालं, पण नव्या इमारतीत पोचलं नाही. कुठे गेलं ते कुणी सांगत नाही.

कुलथे साहेब निवृत्त झाल्यावर एक करू लागले. दर चौदा सप्टेंबरला दुपारी बरोबर साडेचारला त्यांचा फोन यायचा. मी जिथे असेन तिथे सोर्सची ताजी प्रत मागवून ठेवायची. ते खिशातला कागद वाचायचे, मी माझ्या स्क्रीनवर बघायची. “चार.” “चार.” “बी, डबक्यातला नाही.” “बदकातला, साहेब.” चाळिसावं अक्षर जुळलं की ते शेतीच्या फेरफारावर मंजुरीनंतर लिहितात तेच दोन शब्द म्हणायचे आणि फोन ठेवायचे. अकरा वर्षं एकही चुकलं नाही.

यंदा मे महिन्यात साहेब गेले.

चौदा सप्टेंबरला मी उगाच प्रत मागवली आणि ती उघडून बसले. साडेचार झाले. चार बत्तीसला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“वैजे, मी मथुराबाई. साहेबांचा मुलगा मघाशी एक कागद दिऊन गेला. म्हणला, बाबांनी तुमच्याकडं द्यायला सांगितलंय, आणि वैजूताईंना फोन करायला सांगितलंय. ऐंशीची झाले बाई मी, चष्मा लावून पण नीट दिसंना. दमानं घे हां. तुजं उघडलंस का?”

“उघडलंय.”

“हं. पयलं चार हाय.”

“चार.”

अर्धा तास लागला. बी आणि डी तिला एकसारखेच दिसत होते. सव्विसाव्या अक्षराशी ती म्हणाली, “हे आठ हाय का तीन?” आणि मी म्हणाले, “पहिल्यापासून घेऊ.” तिने परत पहिल्यापासून घेतलं. मी रडत होते आणि ते तिला ऐकू जात असणार, पण ती वाचत राहिली.

चाळिसावं जुळलं.

“झालं?” तिने विचारलं. “आता काय म्हणायचं असतं? साहेब काय म्हणायचे?”

मी सांगितलं.

ती दवाखान्यात बाळाची वेळ पुकारायची तशा खणखणीत आवाजात म्हणाली, “नोंद कायम.”